ताण दिलेली बाग : न हलणाऱ्या हृदयभिंतीचा एक प्रकरण अभ्यास

वेचणीच्या दिवसांत आमच्या ओपीडीत फारशी गर्दी नसते. बोंडं फुटलेली असताना दुखणं अंगावर काढायची इकडे रीतच आहे. त्यामुळे डिसेंबरातल्या एका सकाळी पांढरकवड्याकडच्या एका गावाहून ५६ वर्षांचे शेतकरी मुलाच्या मोटारसायकलवर मागे बसून आले, तेव्हाच कळलं की अगदी नाइलाज झालेला असणार. पायऱ्या चढून ते बाकावर बसले, दोन्ही हात गुडघ्यांवर रोवले आणि मिनिटभर बोललेच नाहीत. मग म्हणाले, "झोपलो का दम लागते, साहेब. उठून बसलो का बरं वाटते. चार राती भिंतीले टेकून काढल्या."

त्यांना मी काकाजी म्हणतो, इथेही तेच म्हणेन. पाच एकर कोरडवाहू, कपाशी आणि तूर. मधुमेह नऊ वर्षांचा, गोळ्या आठवण झाली तर. खर्रा, म्हणजे घोटलेली तंबाखू-सुपारी, पंचवीस वर्षांपासून, दिवसाला चार-पाच पुड्या. मुलानं सांगितलं की तीन आठवड्यांपूर्वी एका रात्री त्यांच्या छातीत जळजळ झाली आणि दरदरून घाम सुटला. गॅस झाला म्हणून गावातच इंजेक्शन घेतलं, सोडा प्यायले, पहाटे डोळा लागला. तिसऱ्या दिवशी वेचणीला गेले, पण एक तासही पुरं होईना.

मधुमेहात हृदयविकाराच्या झटक्याची कळ अनेकदा बोथट होते, कधी कळही नसते, नुसता घाम आणि अस्वस्थपणा. त्या रात्री पहिल्या १२ तासांत ईसीजी निघून गुठळी विरघळवणारं इंजेक्शन मिळालं असतं, तर पुढचं बरंच काही टळलं असतं. 'गॅस' या एका शब्दापायी आमच्या भागात किती हृदयांचं नुकसान झालं असेल, या विचारानं मला आजही चीड येते.

तपासताना नाडी १०८, रक्तदाब १०४/७०, मानेची शीर फुगलेली, फुप्फुसांच्या तळाशी दोन्हीकडे चरचर, पायावर बोट दाबलं की खळगा. ईसीजीत व्ही-१ ते व्ही-४ मध्ये क्यू लहरी, म्हणजे पुढच्या भिंतीवरून झटका येऊन गेलेला. इकोमध्ये, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीत, डावा कप्पा फुगलेला होता. पुढची भिंत आणि हृदयाचं टोक जागचं हलत नव्हतं, खालची भिंत अर्धवट आत येत होती. इजेक्शन फ्रॅक्शन, म्हणजे दर ठोक्याला कप्प्यातल्या रक्तापैकी किती टक्के बाहेर फेकलं जातं ते माप, २८ भरलं. निरोगी हृदयात ते साधारण ५५ च्या वर असतं. मायट्रल झडप मध्यम प्रमाणात गळत होती.

त्याच इकोमध्ये मी आणखी एक माप घेतलं होतं: हृदय सैल असताना भिंतीची जाडी. पुढच्या भिंतीच्या मधल्या भागात ८ मिलिमीटर, टोकाशी ५. दोन्ही आकडे मी कागदावर लिहिले आणि मुलाला म्हणालो, "पुढची भिंत गेली आहे." हे मी सहज बोललो आणि ते चूक होतं. भिंत हलत नाही एवढंच मला दिसलं होतं. ती गेली की थांबली, हे नुसत्या हालचालीवरून कळत नाही. उलट ८ चा आकडा मला थांब म्हणत होता. झटक्यानंतर भिंत वाळून ६ मिलिमीटरच्या खाली गेली असेल तर तिथे बहुतेक व्रणच उरलेला असतो. जाडी टिकली असेल तर स्नायू जिवंत आहेच असं नाही, पण तो प्रश्न तरी विचारलाच पाहिजे.

आधी दम उतरवणं गरजेचं होतं. शिरेतून लघवी वाढवून पाणी उतरवणारं फ्रुसेमाइड, ॲस्पिरिन, स्टॅटिन, मग हळूहळू हृदय निकामी होण्यावरची चारही औषधं: अगदी कमी मात्रेत सॅक्युबिट्रिल-व्हॅल्सार्टन, बिसोप्रोलॉल, स्पायरोनोलॅक्टोन आणि डॅपाग्लिफ्लोझिन. पाचव्या दिवशी काकाजी दोन उशांवर झोपू लागले. तिथून त्यांना अँजिओग्राफीसाठी नागपूरला पाठवलं.

अँजिओत तिन्ही रोहिण्या खराब निघाल्या. पुढची मुख्य रोहिणी पूर्ण बंद, उजवी ९० टक्के, मागची ८० टक्के. बंद रोहिणीच्या पुढच्या भागाला उजवीकडून बारीक फाटे थोडं रक्त पोचवत होते. ही नोंद अहवालाच्या तळाशी होती. सल्ल्याच्या जागी मात्र एवढंच लिहिलेलं: हृदयाचा स्नायू निर्जीव, बायपासचा उपयोग नाही, औषधं चालू ठेवा. जिवंतपणाची एकही तपासणी न करता 'निर्जीव' हा निकाल देऊन टाकलेला होता.

त्या एका शब्दानं काय झालं ते दहा दिवसांनी दिसलं. काकाजी पुन्हा सुजून आले. सोबत काकू होत्या. पिशवीतून औषधांच्या पट्ट्या काढल्या तर दोन तशाच भरलेल्या. मी विचारलं तसं काकू म्हणाल्या, "अर्धं काळीज मेलं म्हणते ना साहेब. मंग मेलेल्याले औषध कायले द्यायचं?"

या प्रश्नाला उत्तर देणं मला त्या दिवशी सगळ्यात महत्त्वाचं वाटलं. रक्त कमी पडलं की हृदयाच्या स्नायूची तीन प्रकारे गत होते. रक्त थोडा वेळ तुटून पुन्हा सुरू झालं तर स्नायू जिवंत असूनही काही दिवस, कधी काही आठवडे सुन्न राहतो. ब्राउनवाल्ड आणि क्लोनर यांनी १९८२ साली ही अवस्था नीट मांडली. रक्त पूर्ण तुटलं आणि वेळेत परतलं नाही तर पेशी मरतात आणि तिथे व्रण तयार होतो. तो कायमचा. तिसरी अवस्था सगळ्यात नवलाची. रक्त महिनोन्‌महिने अपुरं मिळत राहिलं की स्नायू आकुंचन जवळजवळ थांबवतो आणि मिळेल तेवढ्यावर फक्त जीव धरून राहतो. रहिमतुला यांनी १९८० च्या दशकात याला शीतनिद्रा म्हटलं. पण शीतनिद्रा घेणारा प्राणी आमच्याकडे कुणी पाहिलेला नाही. काकूंचं माहेर मात्र वरुडकडचं, संत्र्याच्या बागेचं.

मी त्यांना विचारलं, "काकू, आंबिया बहारासाठी बागेचं पाणी तोडून ताण देतात तेव्हा झाड कसं दिसतं?"

"पिवळं पडते. पानं गाळते."

"मग मेलं म्हणून तोडता का?"

"नाही ना जी. पाणी सोडलं का फुटते."

"आणि ताण फारच लांबला तर?"

त्या गप्प झाल्या. मग म्हणाल्या, "मंग वाळते."

शीतनिद्रेतल्या स्नायूचंही तसंच होतं. रक्त मिळालं तर तो परत कामाला लागू शकतो, फार काळ तसाच ठेवला तर पेशी एकेक करून संपत जातात. जाडी टिकलेली भिंत, बारीक फाट्यांतून येणारं रक्त आणि अर्धवट हलणारी खालची भिंत पाहता काकाजींचं हृदय तिन्ही अवस्थांचं मिश्रण असण्याची शक्यता मोठी होती. कुठला भाग कशात मोडतो, हे पाहायला हवं होतं. काकूंनी त्याच दिवशी भरलेल्या पट्ट्या पुन्हा सुरू केल्या.

कुठला भाग जिवंत आहे हे पाहायच्या तपासण्या तीन-चार आहेत आणि प्रत्येक तपासणी स्नायूला वेगळा प्रश्न विचारते. डोब्युटामिन हे हृदयाला चेतवणारं औषध देऊन केलेला इको विचारतो, चेतवल्यावर तू आकसतोस का? थॅलियम किंवा टेक्नेशियम देऊन केलेला स्कॅन विचारतो, तुझ्या पेशींचं आवरण शाबूत आहे का, तू औषध आत ओढून घेतोस का? पेट स्कॅन विचारतो, तू साखर खातोस का? आणि एमआरआय उलट बाजूनं पाहतो, व्रण किती खोल गेलाय ते मोजतो.

पेट स्कॅनचा विचार आम्ही लवकर सोडला. त्यासाठी लागणाऱ्या किरणोत्सारी फ्लोरीनचं अर्धायुष्य ११० मिनिटं, म्हणजे ते साठवून ठेवता येत नाही, शिवाय मधुमेह्याचा स्नायू साखर नीट उचलत नाही, म्हणून आधी इन्सुलिन आणि ग्लुकोजची बरीच जुळवाजुळव करावी लागते. काकाजींची साखर तेव्हा स्थिर नव्हती.

डोब्युटामिन इको त्यामानाने स्वस्त, पण डिफिब्रिलेटर आणि तयार माणसं हाताशी असतील तिथेच करावा, म्हणून मी तो माझ्याकडे केला नाही. ओळखीच्या हृदयरोगतज्ज्ञांकडे केला आणि मी शेजारी उभा होतो. शरीराच्या दर किलोमागे मिनिटाला ५ मायक्रोग्रॅमनं सुरुवात. खालची भिंत लगेच जोमानं आत यायला लागली. १० वर नेल्यावर पुढच्या भिंतीचा वरचा भाग किंचित जाड होताना दिसला. मात्रा आणखी वाढवून तोच भाग पुन्हा मंदावला असता तर ती शीतनिद्रेची पक्की खूण होती: थोड्या चेतवणुकीला प्रतिसाद, जास्त कामाला रक्त पुरत नाही म्हणून माघार. पण १० वरच मॉनिटरवर लागोपाठ जादा ठोके आले आणि आम्ही थांबलो. थांबलो याचा मला पश्चात्ताप नाही. अर्धंच उत्तर मिळालं, म्हणून एमआरआय ठरला.

एमआरआयबद्दल एक गोष्ट रेफर करणाऱ्या डॉक्टरांनी लक्षात घ्यावी असं मला मनापासून वाटतं. पेशंट पाऊण तास सपाट झोपू शकला पाहिजे आणि दर चित्राला दहा-बारा सेकंद श्वास रोखू शकला पाहिजे. दोन उशांवर झोपणारा माणूस पाठवला तर चित्रं हलतात, पैसे वाया जातात आणि अहवालात 'निष्कर्ष काढता येत नाही' असं येतं. म्हणून आम्ही दोन आठवडे थांबलो. फ्रुसेमाइड वाढवलं, रोज सकाळी वजन लिहायला सांगितलं, ४ किलो पाणी उतरलं. मग माझ्याच तपासणीच्या टेबलावर काकाजींना उशीशिवाय झोपवलं. "श्वास घ्या. सोडा. आता थांबा." पहिल्या दिवशी सहा सेकंद. मुलगा घरी खाटेजवळ बसून मोबाइलच्या घड्याळावर मोजायचा. आठव्या दिवशी चौदा. करदोडा आणि गळ्यातला ताईत घरी काढून ठेवायला सांगितलं, म्हणजे यंत्राच्या दारात घोटाळा नको. क्रिएटिनिन १.२ होतं. एमआरआयच्या वेळी शिरेतून देतात त्या गॅडोलिनियमच्या औषधाआधी मूत्रपिंडं पाहणं जरुरीचं असतं, कारण ती खूपच बिघडलेली असतील तर काही गॅडोलिनियम-औषधांनी कातडी कडक होणारा गंभीर आजार होऊ शकतो.

तपासणीचे पैसे खिशातूनच द्यावे लागले. घरात ठेवलेली दोन क्विंटल तूर विकली. म्हणूनच पाठवण्यापूर्वी मी स्वतःला विचारलं होतं: अहवाल काहीही आला तरी मी तेच करणार असेन, तर ही तूर विकायला लावायचा मला अधिकार आहे का?

गॅडोलिनियम निरोगी स्नायूतून लवकर निघून जातं, व्रणात रेंगाळतं. म्हणून दहा-पंधरा मिनिटांनी घेतलेल्या चित्रात जिवंत स्नायू काळा आणि व्रण पांढरा दिसतो. व्रण नेहमी आतल्या अस्तराकडून बाहेर पसरतो, कारण रक्ताचा तुटवडा आतल्या थराला सगळ्यात आधी जाणवतो. भिंतीच्या किती जाडीपर्यंत पांढरं पोचलं, हे पाहायचं. २००० साली किम आणि सहकाऱ्यांनी ५० पेशंटांवर केलेल्या कामात हे फार स्पष्ट दिसलं. रक्तपुरवठा सुधारल्यावर, आधी नीट न हलणाऱ्या पण व्रण नसलेल्या ३२९ भागांपैकी २५६ सुधारले. तीन चतुर्थांशाहून जास्त जाडी पांढरी असलेल्या ५८ भागांपैकी फक्त एक.

काकाजींची सीडी मी संध्याकाळी दवाखाना बंद करून पाहिली. टोकाचे भाग पूर्ण पांढरे, कडेपर्यंत. तिथे आशा नव्हती. पण पुढच्या भिंतीच्या मधल्या भागात पांढरी रेघ आतल्या बाजूला होती, साधारण तिसरा हिस्सा, आणि तिच्याबाहेर काळ्या स्नायूची जाड पट्टी. वरचा भाग जवळजवळ पूर्ण काळा. खालच्या भिंतीत व्रणाचा ठिपका नाही. टोकात गुठळीही नव्हती. हृदयाच्या १७ भागांपैकी पूर्ण गेलेले चार. ज्या भिंतीला मी 'गेली' म्हणालो होतो, तिचा मोठा भाग समोर काळाभोर दिसत होता. मी ते चित्र बराच वेळ पाहत बसलो.

आता अवघड भाग. जिवंत स्नायू सापडला म्हणजे बायपास करावाच, असं पूर्वी आम्ही मानत होतो. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या, ३,०८८ पेशंटांच्या एकत्रित विश्लेषणात जिवंत स्नायू असलेल्यांमध्ये रक्तपुरवठा सुधारल्यावर मृत्यू फार कमी दिसले होते. पण ते सगळे निरीक्षणात्मक अभ्यास होते. नंतर आलेल्या 'स्टिच' चाचणीत इजेक्शन फ्रॅक्शन ३५ किंवा कमी असलेल्या १,२१२ पेशंटांना चिठ्ठी टाकून दोन गटांत विभागलं: बायपास अधिक औषधं, किंवा नुसती औषधं. त्यातल्या ६०१ जणांची जिवंतपणाची तपासणी झाली आणि बायपासचा फायदा जिवंत स्नायू असलेल्यांनाच जास्त होतो असं काही सिद्ध झालं नाही. दहा वर्षांनी मोजलं तेव्हा बायपासच्या गटात ५८.९ टक्के मृत्यू, औषधांच्या गटात ६६.१. म्हणजे शस्त्रक्रियेचा फायदा खरा, पण तो तपासणीच्या निकालावर अवलंबून दिसला नाही. २०२२ च्या 'रिव्हाइव्हड' चाचणीत तर ७०० पेशंटांमध्ये, जिवंत स्नायू असूनही, अँजिओप्लास्टीनं औषधांपेक्षा मृत्यू किंवा हृदय निकामी होऊन भरती होणं कमी झालं नाही.

मग तूर विकायला लावली ती कशासाठी? यावर मी पुष्कळ विचार केलाय. 'स्टिच'मध्ये तपासणी झालेल्यांपैकी जिवंत स्नायू नसलेले फक्त ११४ होते आणि तपासणी स्कॅन किंवा डोब्युटामिन इकोची होती, एमआरआयची नव्हती. पण मुख्य मुद्दा वेगळा. तीन रोहिण्या, मधुमेह, फ्रॅक्शन २८ असा पेशंट मुळातच बायपासचा विचार करावा असा असतो. 'निर्जीव' म्हणून तो दरवाजा बंद करणं 'स्टिच'च्याही विरुद्ध जातं. आमच्या बाबतीत एमआरआयनं शस्त्रक्रियेचं कारण दिलं नाही, नकाराचं खोटं कारण काढून घेतलं. दुसरं, पुढच्या बंद रोहिणीला जोडलेली नवी वाट जिवंत स्नायूत जाईल की व्रणात, हे सर्जनला कळलं. तिसरं, ऑपरेशन टेबलवरचा धोका पत्करायचा की नाही हे शेवटी काकूंनी ठरवायचं होतं. त्यांना मी दोन छापील चित्रं दिली. त्यांनी काळ्या पट्टीवर बोट ठेवून विचारलं, "हे हिरवं हाये ना?" मी हो म्हणालो. "आन् हे पांढरं?" ते वाळलं. त्या म्हणाल्या, "मंग करू."

अँजिओप्लास्टीचा पर्याय आम्ही बोललो आणि बाजूला ठेवला. पूर्ण बंद रोहिणी, तिन्हीकडचा आजार आणि मधुमेह अशा वेळी माझा कल बायपासकडेच असतो.

फेब्रुवारीत शस्त्रक्रिया झाली, सरकारी योजनेतून. छातीच्या आतली रोहिणी पुढच्या भिंतीला, पायाच्या शिरा उरलेल्या दोन ठिकाणी. चौथ्या दिवसापर्यंत रक्तदाब टिकवायला औषधं लागली. पायाची जखम चिघळली, दोन आठवडे गावच्या आरोग्य केंद्रात परिचारिकेनं रोज ड्रेसिंग केलं. त्या बाईंच्या हाताला गुण आहे. खर्रा सुटला तो तिच्यामुळे, माझ्यामुळे नाही.

सहाव्या आठवड्यात फ्रॅक्शन ३३. मुलाचा चेहरा पडला. शीतनिद्रेतून उठणारा स्नायू लगेच धावत नाही. आतली आकुंचनाची यंत्रणा पेशीला पुन्हा बांधावी लागते आणि त्याला सहा महिने, कधी जास्तही लागतात, हे मी त्याला समजावलं. तिसऱ्या महिन्यात ३७. फ्रॅक्शन ३५ च्या खालीच अडकलं असतं तर अचानक मृत्यू टाळणाऱ्या शॉक यंत्राचा विषय काढावा लागला असता, तो टळला.

मे महिन्यात खरी कसोटी लागली. पारा ४५ अंशांवर, काकाजी चक्कर येऊन अंगणात बसले. रक्तदाब ८६. हिवाळ्यात ठरवलेलं फ्रुसेमाइड आणि पाण्याची दीड लिटरची मर्यादा त्यांनी प्रामाणिकपणे पाळली होती. चूक माझी. विदर्भाच्या उन्हाळ्यात लघवीची औषधं हिवाळ्याच्या मात्रेत ठेवायची नसतात. फ्रुसेमाइड एक दिवसाआड केलं, पाणी वाढवलं, बाकीची चारही तशीच ठेवली. आता असे सगळे पेशंट मी मार्चअखेर बोलावून मात्रा बदलतो आणि क्रिएटिनिन, पोटॅशियम पाहतो.

ऑगस्टमध्ये सहा महिन्यांचा इको. फ्रॅक्शन ४१. झडपेची गळती किरकोळ. पुढच्या भिंतीचा मधला भाग दर ठोक्याला जाड होत आत येत होता. टोक तसंच, स्थिर. यातला औषधांचा वाटा किती आणि शस्त्रक्रियेचा किती, हे एका माणसावरून वेगळं काढता येत नाही आणि मी ते काढत नाही. पडदा मी त्यांच्याकडे वळवला. काकाजींनी बराच वेळ पाहिलं.

"ते टोकाचं हालत नाही."

"ते नाही हलणार, काकाजी."

"बाकीचं हालते." मग जरा थांबून, "फवारणी आली, साहेब. पंप घेऊ का पाठीवर?"

फवारणीचा पंप १६ लिटरचा. भरला की वीस किलोच्या आसपास आणि त्याचे पट्टे छातीवरून जातात. शस्त्रक्रियेत कापलेलं छातीचं हाड सांधलेलं होतं, दाबून पाहिलं, दुखत नव्हतं. तरीही अर्धाच भरायचा, ऊन चढायच्या आत, मास्क बांधून, आणि दम लागला की तिथेच खाली ठेवायचा, असं मी त्यांच्या कार्डावर लिहिलं. मुलानं ते वाचलं, कार्ड घडी करून खिशात ठेवलं आणि म्हणाला, पंप मीच घेतो, बाबा फक्त औषध कालवतील. औषध कालवणंही नको, मी म्हणालो. ते विषारी द्रव्य सगळ्यात तीव्र असतं ते कालवतानाच. बाबांना बांधावर बसवा.